आरती होईपर्यंत स्लोमध्ये

दसरा जवळ आला की माझा उजवा पाय दुखायला लागतो. हाड केव्हाच जुळलं आहे. डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून मला ती जुळलेली रेघसुद्धा दाखवली होती आणि म्हणाले होते, मॅडम, आता हा पाय दुसऱ्यापेक्षा पक्का आहे. नवरा म्हणतो, तुझा पाय पंचांग बघून दुखतो. म्हणू दे. झेंडूचे ढीग रस्त्याच्या कडेला लागले, सोयाबीनच्या मळणीचा भुसा हवेत तरंगायला लागला, कपाशीची पहिली बोंडं उकलली की घोट्याच्या वर एक ठणका उठतो. आणि त्या ठणक्याच्या मागून बारीक, एका लयीत आवाज येतो. टक टक टक टक. तो आवाज पायाचा नाही, एका इंजिनचा आहे. ते इंजिन भंगारात जाऊन जमाना झाला.

मी उंद्रीला शाळेत शिकवते. माहेर नांदुऱ्याचं. गेल्या आठवड्यात गजूचा फोन आला. गजू म्हणजे गजानन, माझा धाकटा भाऊ. आमच्या भागात प्रत्येक घरात एक गजानन असतोच, तसा आमच्याही घरात आहे. म्हणाला, "ताई, दसऱ्याले ये. एक इंजिन चालू करायचं हाय."

"कोणाचं?"

"मलकापूरचा गिऱ्हाईक हाय. लय मागं लागला. बाहेरचा कॅम टाकला त्यात."

बाबांना सांगितलंस का, असं मी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. मी रजेचा अर्ज दिला आणि बसमध्ये बसले. खिडकीबाहेर तूर फुलायला आली होती, ट्रॅक्टरच्या बॉनेटवर आदल्या दिवशीपासूनच माळा चढल्या होत्या, आणि माझा पाय ठणकत होता.

पाय मोडला त्या वर्षी मी शाळेच्या ओल्या व्हरांड्यात घसरून पडले होते. पायाच्या बोटांपासून गुडघ्यापर्यंत प्लास्टर. उंद्रीच्या घराला पायऱ्या फार, म्हणून नवऱ्याने मला नांदुऱ्याला आणून टाकलं आणि निघून गेला. आईने माझी खाट मागच्या खोलीत, खिडकीशी लावली. ती खिडकी थेट गजूच्या पत्र्याच्या शेडमध्ये उघडते. म्हणजे एखाद्याला नाटकाचं पहिल्या रांगेतलं तिकीट मिळावं आणि वर उठायची मनाई असावी, तशी माझी गत. तो सगळा मोसम मी त्या खिडकीतून पाहिला, आणि पाहण्यापेक्षा जास्त ऐकला.

शेडमध्ये एक लाल, बुटकी, दोन दरवाज्यांची जुनी परदेशी गाडी होती. पुण्याच्या कोणा हौशी माणसाने ठोकून, कंटाळून विकलेली. गजूने ती दोन वर्षांत खिळा न् खिळा सोडवून परत उभी केली होती. दिसायला खेळण्यातली, पण बॉनेटखाली त्याने काय काय केलं होतं ते त्यालाच ठाऊक. खामगावच्या कारखान्यातली नोकरी सोडून तो या गाडीच्या मागे लागला तेव्हा आमच्या घरात जे व्हायचं ते झालं. बाबा मोठ्याने बोलत नाहीत. ते एवढंच म्हणाले, "ते गाडी या आंगणात राह्यली तं मी त्या शेडमधी पाय ठेवत नाही." आणि ठेवला नाही. दोन वर्षं त्यांनी त्या बाजूने जाणंसुद्धा टाळलं. नळाला पाणी आलं की बादली घेऊन घराला उलटा वळसा घालायचे. गजूशी बोलायचं झालं तर आईतर्फे. "त्याले म्हणा जेवून घे." गजू तिथेच, हातभर अंतरावर, ताट पुढ्यात घेऊन बसलेला असायचा.

बाबांचीही बाजू मला कळायची. त्यांनी आयुष्यभर जिनिंगचा ट्रक चालवला. कापसाच्या गाठी घेऊन कुठे कुठे गेले, पण ट्रकला ओरखडा नाही. त्यांचा धर्म एकच, हळू. गाडी पोट भरायची वस्तू आहे, तिला दुखवायचं नाही. थंड इंजिनला रेस द्यायची नाही, गिअर मारायचा तर विचारून मारल्यासारखा मारायचा. आम्ही दोघं भावंडं त्या हळूपणावर वाढलो, शिकलो, माझं लग्न झालं. त्यांच्या पोराने घड्याळाशी शर्यत लावायची गाडी बांधावी, ही त्यांना शिवी वाटली असणार.

गजूलाही आता फार वेळ उरला नव्हता. नाशिकच्या एका रेसिंग संघाला ड्रायव्हर हवा होता. अट अशी की आपण बांधलेली गाडी आपणच चालवून दाखवायची. चाचणी नागपूरच्या पलीकडे एका ट्रॅकवर, हिवाळ्यात, संक्रांतीच्या आत. आधी एकदा तो जाऊन आला होता. चालवतो चांगलं, पण इंजिन वर चढत नाही, असं ते म्हणाले होते, आणि या वेळी शेवटचं बघू, असंही म्हणाले होते. घरी आईने त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं, की या वेळी नाही झालं तर गाडी मोडीत काढायची आणि नीट पोटापाण्याला लागायचं. आई रडून कबूल करून घेते, तेव्हा त्यातून सुटका नसते.

म्हणून तो कॅम. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनच्या पोटात फिरणारा एक लोखंडी दांडा, त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे. ते उंचवटे टॅपेटना वर ढकलतात, त्यावर वॉल्व उघडतात, इंजिन श्वास घेतं. उंचवटे जरा जास्त टोकदार केले की श्वास मोठा होतो. मला हे सगळं खाटेवर पडल्या पडल्या कळलं, कारण गजूला बोलायला दुसरं माणूस नव्हतं आणि मला पळून जाता येत नव्हतं. कोइम्बतूरला एक माणूस असे कॅम घडवून देतो. नमुना म्हणून जुना कॅम तिकडे पाठवावा लागला. नवा आला तेव्हा गजूने तो ऑइलच्या कागदातून काढून खिडकीच्या गजांतून माझ्या हातात दिला. जड होता, थंड होता, आणि इतका गुळगुळीत की मला उगाच ओढणीला हात पुसावेसे वाटले.

"याची एकच भानगड हाय ताई," तो म्हणाला. "पहिल्यांदा इंजिन चालू झालं का वीस मिनिटं रेस खाली आणायची नाही. सलग वरच ठेवायची."

"नव्या इंजिनला?"

"हाव. या जुन्या इंजिनमधी कॅमले ऑइल उडूनच भेटते. क्रँक जोरात फिरली तरच उडते. स्लोमधी ठेवलं का कोरडा घासते न् पहिल्याच दिवशी खलास. तो कोइम्बतूरवाला फोनवर तीन-तीनदा सांगून राह्यला होता, सर, नो स्लो, नो स्लो."

हे त्याने मला एकटीला सांगितलं. घरात दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखं ते नव्हतंच. कारण आमच्याकडे नवी वस्तू म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक असेल. टीव्हीचा रिमोट आमच्या घरी प्लास्टिकच्या पिशवीत असतो. सोफ्याचं वेष्टण निघालेलं मी अजून पाहिलेलं नाही. स्टीलचा नवा डिनर सेट पाहुण्यांसाठी आहे, आणि पाहुणे आले की आई म्हणते, जुनाच काढ, नव्याला ओरखडे पडतील. नवी सून आली तिलाही पहिले दिवस पाट सोडू देत नाहीत. नव्याला जपायचं, हळू वापरायचं, हे आम्हाला कोणी शिकवत नाही, दुधातूनच येतं. अशा घरात एक वस्तू अशी आली होती, की जपलं तर मरणार.

दसऱ्याला मुहूर्त पाहावा लागत नाही, म्हणून गजूने इंजिन चालू करायला तोच दिवस धरला. सकाळी शेड झाडून घेतली. आईने दारात छोटी रांगोळी काढली. मी खिडकीत उशा रचून बसले होते. गजूने ऑइल पाहिलं, पाणी पाहिलं, माझ्याकडे पाहून अंगठा दाखवला. आणि तेवढ्यात आईचा चेहरा बदललेला मला दिसला. मी मान वळवली तर शेडच्या दारात बाबा उभे.

अंघोळ करून आलेले. धुतलेलं धोतर, कपाळाला गंध. एका हातात ताट, त्यात हळदकुंकू, कापूर, नारळ. दुसऱ्या हातात झेंडूची माळ, तीही स्वतः ओवलेली असणार, कारण फुलं वाकडीतिकडी होती. बाबांनी चपला दाराबाहेर काढल्या आणि दोन वर्षांनी त्या शेडमध्ये पाय ठेवला. गजूचा हात पान्यावर होता तो तसाच राहिला. बाबांनी गाडीभोवती एक फेरी मारली. बॉनेटवर स्वस्तिक काढलं, माळ बांधली, चाकाखाली लिंबू ठेवलं. मग दोन वर्षांत पहिल्यांदा थेट त्याच्याकडे बघून म्हणाले, "बस गाडीत. चालू कर बापा."

गजू बसला. एकदा, दोनदा घुरघुर झाली आणि इंजिनने धरलं. पत्रे थरथरले. तो आवाज चढता, भरदार होता, माझ्या प्लास्टरमधून हाडात गेला. मला रडू आलं, ते का, ते सांगायला नको.

बाबांनी तळहात वर केला. "हळू बे, हळू. नवं हाय त्ये. आरती होऊ दे."

गजूने माझ्याकडे पाहिलं. मी गजांना धरून म्हणाले, "गजू, रेस ठेव. बाबा, त्याला रेस ठेवू द्या."

"तू चूप बस सुमे," बाबा म्हणाले. रागाने नाही, हसून. "तुले काय समजते इंजिनातलं." आणि त्यांनी आपला उजवा हात बॉनेटवर ठेवला, लहान लेकराच्या टाळूवर ठेवतात तसा, हलकेच.

गजूच्या चेहऱ्यावरून काय गेलं ते मी पाहिलं. मग आवाज खाली आला. खाली, खाली, अगदी शांत, लोणी घुसळावं तसा.

आमच्या घरातली आरती लवकर संपत नाही. गणपतीची झाली, देवीची झाली. शेजारच्या बाया आवाज ऐकून आल्या, त्यांनी गजानन महाराजांची धरली. बाबांचा गळा चांगला आहे, पण दोन वर्षांत मी त्यांना घरात गाताना ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ते एकेक कडवं दोनदा घेत होते. कापूर विझला की आई नवा टाकत होती. गजू स्टिअरिंग धरून बसला होता, त्याचे ओठही आरती म्हणत होते, आणि मी मनात आकांत करत होते, संपवा हो, संपवा आता. माझ्या आयुष्यात मी देवाचं नाव संपावं म्हणून एवढा धावा कधी केला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती टकटक सुरू झाली.

आधी इतकी बारीक, की मला वाटलं भिंतीवरचं घड्याळ. मग गजूने टॅपेटचं वरचं झाकण काढलं, पातळ पत्ती घालून गॅप मोजला, नट आवळला. आवाज गेला. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो. संध्याकाळी आवाज परत आला. कॅम इंजिनच्या पोटात, तो डोळ्यांनी दिसत नाही. इंजिन पुन्हा पूर्ण उतरवल्याशिवाय त्याचं काय झालंय ते कळायचं नाही, आणि उतरवून काय करणार? जुना कॅम कोइम्बतूरला, नवा मागवला तर यायला संक्रांत उलटणार. वरून फक्त गॅप मोजायचा. आज आवळला की उद्या सैल. याचा अर्थ एकच, आत काहीतरी झिजतंय. पण माणूस अर्थ टाळत राहतो. गजू म्हणायचा, नट ढिला असेल. मी म्हणायचे, हो, नटच असेल. ज्या गोष्टीतलं मला अक्षर कळत नव्हतं, तीत मी त्याला धीर देत होते, आणि तो घेत होता. यावरूनच ओळखा आमची दोघांची हालत.

आणि बाबा. बाबा आता रोज शेडमध्ये यायला लागले. सकाळचा चहा ते तिथेच प्यायचे, उलट्या डब्यावर बसून. गजूला पाना काढून द्यायचे, तोही बरोबर मापाचा. घाटात एकदा ब्रेक गेले तेव्हा ट्रक कसा थांबवला, अकोल्याला कोणत्या हॉटेलात भाजी चांगली, सगळं दोन वर्षांचं साचलेलं बोलणं बाहेर यायला लागलं. रस्त्याने जाणाऱ्याला हाक मारून सांगायचे, "आमच्या गजूची गाडी. माह्या हातानं पूजा झाली न् पहिल्या झटक्यात धरली पोट्टीनं." आई स्वयंपाकघरात गुणगुणायला लागली होती. ताटावर बाप आणि लेक एकाच तुरीच्या वरणाबद्दल एकमेकांशी भांडत होते. मी त्या घराची पोरगी, मला हे बघून सुख व्हायला हवं होतं. झालंही. आणि त्याच वेळी बाबांच्या प्रत्येक हसण्यामागे मला ती टकटक ऐकू यायची. एका आरतीने बापलेकांना जोडलं होतं आणि त्याच आरतीने इंजिन खाल्लं होतं. दोन्ही एकदमच झालं होतं, वेगळं करता येत नव्हतं.

बाहेर कापसाचा मोसम भरात होता. जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांतून कापूस उडायचा आणि बोरीबाभळींच्या काट्यांना अडकून राहायचा. सरकीचा तो गोड, दमट वास वाऱ्याबरोबर खोलीत यायचा. हवा थंड झाली, आईने माझ्या प्लास्टरवर जुनी शाल गुंडाळली. एरवी हे दिवस मला फार आवडतात. त्या वर्षी कापसाचा तो पांढरा रंगही नकोसा झाला होता. एका दुपारी बाबा बाजारात गेले होते. गजूने इंजिनमधलं थोडं ऑइल काढून बोटावर घेतलं आणि बोट गजांतून आत केलं. उन्हात ते बोट चमकलं. मिठाईवर चांदीचा वर्ख असतो, तशी बारीक चमक.

"हे लोखंड हाय ताई," तो म्हणाला. "कॅमचं."

"बाबांना सांग."

"काय सांगू? का तुम्ही हात ठेवला म्हणून मेला?"

"मग तेव्हा खाली का आणलीस रेस? तुला माहीत होतं."

तो बराच वेळ बोट पुसत राहिला. "बाबा दोन वरसानं आले होते ना बे ताई," तो म्हणाला. मोठ्या बहिणीला बे म्हणतोय याचंही त्याला भान नव्हतं. "कसा नाही म्हणू?"

मी तोंड भिंतीकडे केलं. रडताना पाय हलला की प्लास्टरमध्ये कळ यायची. मी नवस बोलले. कोणाला, ते आता आठवत नाही, दिसेल त्या देवाला. एक दिवस टिकू दे, फक्त चाचणीचा एक दिवस, मग हवं तर तुकडे होऊ दे. इंजिनसाठी नवस बोलणारी मी पहिलीच मराठीची शिक्षिका असेन. पण त्या दिवसांत मला ते जराही हास्यास्पद वाटत नव्हतं. गजूचं सगळं आयुष्य त्या न दिसणाऱ्या दांड्यावर फिरत होतं आणि तो दांडा रोज थोडा कमी होत होता.

माझं प्लास्टर निघायच्या आतच गजू आणि बाबा चाचणीसाठी नागपूरला गेले. गाडी टेम्पोवर, टेम्पो चालवायला बाबा. त्यांनी हट्टच धरला, लेकाची गाडी मीच नेणार. निघताना आईने दोघांच्या हातावर दही दिलं. चाचणीच्या वेळी बाबांचा फोन आला. मागून कल्ला ऐकू येत होता.

"सुमे, ऐक. सुटला बरं गजू. फोन वर धरतो, आवाज ऐक फक्त."

मी फोन कानाशी दाबला. आई माझ्या खांद्याला कान लावून बसली. दुरून तो आवाज आला. चढला. दसऱ्याच्या पहिल्या क्षणाला होता तसा, भरदार. अजून चढला. मी उशी घट्ट धरली. आणि मग चढता चढता तो अडकला. फट् फट् फट्. खोकल्यासारखा, उलटा, आतल्या आत. एकदा सावरला, परत अडकला. मग नुसती टकटक, इतक्या लांबून, फोनमधून, खिडकीशी असल्यासारखी स्पष्ट. मग तीही नाही.

"काऊन थांबली बापा?" बाबांचा आवाज आला. मला नाही, स्वतःलाच विचारत होते. "काऊन थांबली?"

परत आल्यावर गजूने त्याच आठवड्यात इंजिन उतरवलं. बाबा डब्यावर बसले होते, मी काठी टेकत दारात. गजूने कॅम बाहेर काढून फडक्यावर ठेवला. ज्यांना अंड्यासारखं टोक हवं, त्यातले दोन उंचवटे झिजून गोल झाले होते, सुपारीसारखे. बाबांनी तो हातात घेतला, उलटसुलट पाहिला, त्या गोल जागेवरून अंगठा फिरवला.

"असं कसं झालं बे?"

गजूने माझ्याकडे पाहिलं नाही. "माल कच्चा निघाला बाबा," तो म्हणाला. "बाहेरचा माल. भरवसा नसते याचा."

बाबा उठले. मी त्यांना इतकं संतापलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. गजूचा फोन मागितला, त्या कोइम्बतूरवाल्याचा नंबर लावायला लावला. पत्र्याखाली रेंज येत नाही, म्हणून बोलत बोलत रस्त्यावर गेले. दारातून मला त्यांची पाठ दिसत होती. हात हवेत उडत होता. मग तो हात खाली आला. मग बराच वेळ ते नुसते ऐकत होते. परत आले, डब्यावर बसले, पाणी मागितलं. अर्धं प्यायले आणि पेला खाली ठेवला.

"काय म्हणाला?" गजूने विचारलं.

"म्हणते माल बराबर होता," बाबा म्हणाले. "खोटारडा हाय साला."

नाशिकवाल्यांनी दुसरा मुलगा घेतला. लाल गाडी तुकड्यातुकड्यांनी गेली, कोणाला सीट, कोणाला काचा. गजूने त्याच शेडमध्ये गॅरेज टाकलं. ते बरं चालतं. त्याचं लग्न झालं, पोट सुटलं, केस मागे गेले. मी कधी विचारलं तर म्हणतो, सगळं मस्त चालू हाय ताई. शर्यती तो टीव्हीवरही पाहत नाही. एवढं एकच, की रस्त्यावरून एखादी गाडी जोरात चढत गेली की त्याचं बोलणं मध्येच तुटतं आणि आवाज विरेपर्यंत तो वाक्य पुरं करत नाही. मला तेवढ्यावरून जे कळायचं ते कळतं आणि जीव तुटतो.

आणि बाबा इतकी वर्षं त्या कोइम्बतूरवाल्याला शिव्या घालत आले. गॅरेजमध्ये कोणी पोरगा येऊन विचारायचा, काका, बाहेरचा कॅम टाकला तर चालतो का, की बाबा डब्यावरून सुरू. "नाव घेऊ नको. आमच्या गजूचं नुकसान केलं त्यानं. कच्चा माल." गजू खाली मान घालून म्हणायचा, "बाबा खरं सांगून राह्यले. भरवसा नसते." आमच्या अर्ध्या तालुक्यात आता हे मत पक्कं आहे. मला कधी कधी त्या माणसाची फार दया येते. तिकडे कुठे लांब तो आपलं काम चोख करत बसला असेल, आणि इथे, जिथे तो कधी येणार नाही, त्याच्या नावाला बट्टा लागलेला, तोही आम्ही लावलेला. त्याचा कॅम चांगला होता. त्या सगळ्या मोसमात पूर्ण भरवशाची अशी एकच वस्तू आमच्या घरात आली होती, ती तो कॅम.

आज दसरा. मी सवयीने मागच्या खोलीत त्याच खिडकीशी येऊन बसले. मलकापूरचा गिऱ्हाईक हात जोडून शेडच्या कोपऱ्यात उभा होता. आईने रांगोळी काढली. गजू त्या परक्या गाडीत बसला आणि किल्लीला हात लावणार, तेवढ्यात दारात बाबा आले. आता काठी लागते, ताट दुसऱ्या हातात थरथरत होतं, त्यातला नारळ गडगडत होता. माझ्या घोट्यातून कळ निघाली ती थेट छातीत. पुन्हा तेच. तेच ताट, तीच माळ, तेच पाय दाराबाहेर चपला काढणारे. मला ओरडावंसं वाटलं.

बाबांनी स्वस्तिक काढलं. लिंबू ठेवलं. कापूर पेटवला. "कर चालू."

इंजिनने धरलं. आवाज चढला, पत्रे थरथरले. गजूने काचेतून बाबांकडे पाहिलं, आणि मला ऐकू आलं, आवाज उतरायला लागला. त्याचा पाय आपोआप वर येत होता. इतक्या वर्षांनी, दुसऱ्याच्या गाडीतसुद्धा.

बाबांनी काठी बॉनेटवर आपटली.

"काऊन खाली आणतं बे?" ते आवाजावर आवाज काढून ओरडले. "वरच राहू दे. वीस मिनिटं खाली आणू नको. आरती मागून करू."

वीस मिनिटं. हा आकडा आमच्या घरात बाबांना कोणी कधी सांगितला नव्हता. मी नाही, गजूने नाही. तो सांगू शकेल असा एकच माणूस होता, आणि त्याच्याशी बाबा आयुष्यात एकदाच बोलले होते. रस्त्यावर उभं राहून, आमच्याकडे पाठ करून.

गजूचा पाय खाली गेला. आवाज परत चढला आणि चढलेलाच राहिला. तो समोर बघत होता, हात स्टिअरिंगवर, जबडा घट्ट. बाबा त्याच्याकडे बघत नव्हते. त्यांनी ताट तसंच धरलं होतं, कापूर जळून गेला होता, आई नवा टाकायला पुढे झाली तर त्यांनी मान हलवली. मग काठी काखेत धरून त्यांनी मनगट डोळ्यांजवळ नेलं आणि घड्याळ बघत उभे राहिले. मी गजांना धरून होते. त्या आवाजात कोणाला काही बोलता येत नव्हतं.